कासवासाठी २३ पौंडाचं वाडगं घेतलं, कामी आला भांडी घासायचा टब

आम्ही इंग्लंडात राहतो, रेडिंगला, आणि आमच्याकडे तात्या आहे. तात्या म्हणजे हॉर्सफील्ड जातीचं कासव, वय चार, वजन ४१० ग्रॅमच्या आसपास, स्वभाव नावाप्रमाणे. लेकीने दोन वर्षं डोकं खाल्लं म्हणून आणलं आणि आता त्याचं सगळं बघतो कोण तर मी. (भारतातल्या मंडळींनो, हे वाचून तिकडे स्टार कासव शोधायला जाऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे, माझ्या मावसभावालाही हेच सांगून झालंय.)

तर विषय अंघोळीचा. अंघोळ म्हणजे साबण वगैरे काही नाही, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं नुसतं बसवायचं. "अहो ते वाळवंटातलं, त्याला कशाला पाणी" असं मला इथल्या निम्म्या मराठी मंडळाने ऐकवलंय. पण कझाकस्तान उझबेकिस्तानकडची ही कासवं वर्षातला बराच काळ बिळात असतात आणि बिळात ओल असते. आपल्या घरात वर हीट लॅम्प, खाली हीटरची कोरडी हवा, त्यात ते आतून सुकतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. २००३ मध्ये आफ्रिकन सुलकाटा कासवांच्या पिल्लांवर एक अभ्यास झाला होता, त्यात कवचावर टेंगळं येण्यामागे खाण्यातल्या प्रोटीनपेक्षा कोरड्या हवेचा हात जास्त दिसला होता.

आमच्या व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, वेगळीच खूण सांगितली. कासव पाण्यात बसलं की थोड्या वेळाने शी-शू करतं आणि त्याबरोबर पांढरं काहीतरी टाकतं. पाणी वाचवायचं म्हणून कासवं लघवीतला टाकाऊ भाग असा घट्ट करून टाकतात. तो पांढरा भाग पानाच्या चुन्यासारखा मऊ असेल तर बरं, चिमटीत घेतल्यावर रवाळ, वाळूसारखा लागला तर पाणी कमी पडतंय, आणि असंच चालू राहिलं तर आत खडा धरतो. मी ग्लोव्ह घालून चिमटीत घेऊन बघितलं. रवाळ. बायको त्या दिवशी माझ्या शेजारी जेवायला बसली नाही.

मग घाबरून ऑनलाइन हे वाडगं मागवलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, पण रेझिनचं, दगडासारखं दिसणारं, एका बाजूला उतार, बॉक्सवर 'सोकिंग पूल' असं छापलेलं आणि एक हसरं कासव. दिसायला एक नंबर, फोटोत तर असं की आपणच जाऊन बसावं.

पहिल्याच दिवशी चार सेंटिमीटर पाणी घातलं, तात्याला सोडलं आणि चहाचं आधण ठेवायला गेलो, मिनिटभर फार तर. तात्याने उतार बघितला आणि निघाला वर, अर्ध्यावर मागचे पाय घसरले कारण आत सगळं गुळगुळीत, आणि गेला तो उलटा, पाण्यात, चारही पाय वर. लेकीच्या "बाबाऽऽ" वर धावलो, उचलला, नाकातून पाणी निघालं, दोन वेळा फुसफुसला आणि माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. पुढचा आठवडाभर नाकातून बुडबुडे येतायत का, श्वासाला आवाज येतोय का, तोंड उघडं ठेवतोय का बघत होतो, कारण छातीत पाणी गेलं की न्यूमोनियाची भीती. काही झालं नाही, नशीब. १९६८ मध्ये सोव्हिएत रशियाने झोंड ५ यानातून चंद्राला फेरी मारून आणली ती याच जातीची दोन कासवं, सुखरूप परत आली. आणि आमचं रत्न २३ पौंडाच्या वाडग्यात उलटं पडतं.

बरं ते माझं दुर्लक्ष धरा, पण बाकीचंही ऐका. पाणी ३२ डिग्रीला घातलं होतं, दहा मिनिटांत थर्मामीटर २५ दाखवतो, कारण ते जाडजूड थंडगार रेझिन आधी स्वतःच गरम होतं आणि मग कासवाला काय उरणार. शोभेसाठी केलेल्या खाचांत शी अडकते, जुना टूथब्रश घेऊन बसा. आणि इथलं पाणी इतकं जड की महिन्याभरात सगळ्यावर पांढरा थर, व्हिनेगरशिवाय जात नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या स्वस्तातल्या दुकानातून भांडी घासायचा करड्या रंगाचा प्लॅस्टिकचा टब आणला, अडीच पौंड. सपाट बूड, उभ्या भिंती, आणि मुख्य म्हणजे आरपार दिसत नाही. पारदर्शक डब्यात कासव भिंतीवर डोकं आपटत राहतं, त्याला समोर वाट दिसते ना. यात तात्या दोन मिनिटं खरडतो आणि मग गप्प. पाणी वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंतच, मान आरामात बाहेर राहिली पाहिजे. तिसऱ्या दिवशी त्याने तोंड पाण्यात बुडवलं आणि गळ्याची कातडी वरखाली, वरखाली, चांगली तीन-चार मिनिटं. किचनच्या वजनकाट्यावर (वेगळा घेतलाय, काळजी नसावी) आधी ४१२, नंतर ४२९. सतरा ग्रॅम पाणी प्यायला बेटा! मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगितलं तर कोणाला काही पडलेली नाही.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. "अरे देवळात गाभाऱ्यासमोर असतं त्याला आपण नमस्कार करतो आणि तू याला भांड्याच्या टबात बसवतोस?" मग स्वतःच टबासमोर हात जोडले आणि त्यानंतर रोज "तात्यांची अंघोळ झाली का" म्हणून विचारायची, मला कधी विचारलं नाही. तिला एवढंच बजावलं होतं की तो टब किचनमध्ये न्यायचा नाही, वर मार्करने मोठ्ठं 'तात्या' लिहिलंय, पाणी टॉयलेटमध्ये ओतायचं आणि हात साबणाने धुवायचे, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

आता आठवड्यातून तीनदा बसवतो, पिल्लू असतं तर रोज. हिवाळी झोपेआधी मात्र खाणं बंद करून काही आठवडे रोज, पोट रिकामं व्हायला हवं, आणि उठल्यावर पहिलं काम टब. पांढरं आता चुन्यासारखं मऊ येतं, बायको परत शेजारी बसते.

वाडगं परत घेतलं नाही, "वापरलेलं आहे" म्हणाले. मागच्या अंगणात ठेवलंय, पावसाचं पाणी साठतं आणि दोन कबुतरं रोज सकाळी त्यात पंख फडफडवून मनसोक्त अंघोळ करतात. वाडग्याला दोन स्टार दिलेत ते त्यांच्याकडून.