‘मार्बल फिनिश’ या एका ओळीत दडलेली फसवणूक: नाट्यगृहाच्या खांबांची गोष्ट

जुन्या नाट्यगृहांत जो संगमरवर दिसतो तो बऱ्याचदा दगड नसतोच. इथे ज्या वास्तूबद्दल लिहितो आहोत, तिच्या प्रवेशदालनातले खांब स्काग्लिओलाचे, म्हणजे संगमरवरासारख्या दिसणाऱ्या रंगीत जिप्सम प्लास्टरचे होते आणि रंगमंचाच्या कमानीची व बाल्कनीखालची पटले तेलरंगाने संगमरवरासारखी रंगवलेली होती. निविदेत मात्र एकच बाब होती: ‘मार्बल फिनिशचे पुनरुज्जीवन, चौरस फुटाच्या दराने’. कंत्राटदाराला हवी होती ती मोकळीक याच ओळीने दिली.

या दोन कामांत फरक काय, हे आधी नीट समजून घ्या. स्काग्लिओलासाठी जिप्समचे बारीक प्लास्टर सरसाच्या पाण्यात रंगद्रव्य घालून कणकेसारखे मळतात. वेगवेगळ्या रंगांचे गोळे एकत्र दाबून कापतात आणि शिरांसाठी रंगात भिजवलेले रेशमाचे धागे त्यातून ओढतात. थर साधारण सेंटिमीटरभर जाड असतो. तो सुकल्यावर घासायचा, बारीक छिद्रे त्याच मिश्रणाने भरायची आणि पुन्हा घासायचा. हे अनेकदा करून शेवटी जवसाचे तेल आणि मेण लावतात. त्यामुळे रंग थराच्या आतपर्यंत असतो. रंगवलेल्या संगमरवरात मात्र अस्तरावर ग्लेझ म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, त्यात ब्रशने आणि पिसाने ओढलेल्या शिरा आणि वर वार्निश, एवढेच असते. सगळे मिळून मिलिमीटरचा अंश. पॉलिश पेपर फिरला की संपले.

कंत्राटदाराने एका खांबावर हातभर जागेचा नमुना करून दाखवला. तो अप्रतिम दिसत होता, मंजुरी लगेच मिळाली. फसवणूक तिथेच झाली होती. त्या जागी त्याने काहीच दुरुस्त केलेले नव्हते. जुने पिवळे वार्निश आणि काजळी द्रावकाच्या बोळ्याने काढून मेण चोळले होते, बस. चमकत होते ते मूळ कारागिराचे काम. भराई करता येते का, रंग जुळवता येतो का, याचा त्या नमुन्यात काहीही पुरावा नव्हता.

उरलेल्या खांबांवर आणि पटलांच्या काही भागांवर यंत्राने पॉलिश पेपर फिरवला, टवके ॲक्रिलिक पुट्टीने बुजवले, वर स्पंजने ॲक्रिलिक रंग थोपटला, ब्रशने शिरा काढल्या आणि पॉलियुरेथेन या प्लास्टिक वार्निशचे दोन हात मारले. बिलात मात्र ‘स्काग्लिओला भराई’, ‘थर बळकटीकरण’ आणि ‘घोटाई’ अशा तीन स्वतंत्र बाबी लावल्या. कोणी विचारले की उत्तर ठरलेले: मूळ थर वाचण्यासारखा नव्हता. बंद दालनात कोरडे घासणे हा वेगळाच गुन्हा. जुन्या तेलरंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते आणि ती धूळ कारागिरांच्या फुफ्फुसात जाते.

पावसाचे पाणी छताच्या पन्हाळीतून खांबांच्या बैठकीत आधीपासूनच मुरत होते. जिप्सम पाण्यात थोडे का होईना विरघळते आणि सरसाला बुरशी धरते. म्हणून ओल थांबवल्याशिवाय स्काग्लिओलाला हात लावायचाच नसतो. इथे ती ओल प्लास्टिकच्या पापुद्र्याखाली कोंडली गेली. क्षार आतल्या आत स्फटिक होऊन बसले, फुगे आले आणि पापुद्र्याबरोबर मूळ पृष्ठभागाचे तुकडे सुटून आले.

खोटे काम ओळखायला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. भराईच्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, ॲसिटोनचा बोळा थोडा वेळ धरा. ॲक्रिलिक पुट्टी मऊ पडून चिकट होते, जिप्समची भराई होत नाही. अंधारात अतिनील विजेरी फिरवा: जुनी नैसर्गिक राळ हिरवट-पिवळी चमकते, चपडा (लाखेचे वार्निश) नारिंगी, आणि नवा ॲक्रिलिक भाग त्यांच्यात वेगळा उठून दिसतो. डोळ्यांना कळणारी खूण म्हणजे शिरांची खोली. खोट्या कामात त्या सपाट वर बसतात आणि स्पंजचा तोच ठसा खांबामागून खांबावर येतो.

निविदा काढताना प्रत्येक प्रकाराची वेगळी बाब लिहा आणि सफाई, भराई व रंगजुळणी असे तीन वेगळे नमुने मागा. ते प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिरांनीच, खरोखर तुटलेल्या जागी करावेत आणि काम संपेपर्यंत न झाकता राहावेत. रंगथरांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. रंगवलेल्या पटलांवर नवा रंग फक्त गेलेल्या जागेपुरता, तोही खाली पॅरालॉइड बी-72 या ॲक्रिलिक राळेसारखा, पुन्हा काढता येणारा विलग थर देऊनच. भराईवर शेवटचा थर चढण्याआधी पाहणी झाल्याशिवाय त्या बाबीचे पैसे देऊ नका; फसवणूक झाकली जाते ती याच थराखाली. छायाचित्रे त्याच जागेवरून, मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून घ्या. आणि ‘सगळे नव्याने रंगवून टाकू, एकसारखे दिसेल’ असे कोणी म्हटले, तर वास्तुजतनाची 1964 ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद पुढे करा: जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनरुद्धार थांबला पाहिजे, असे ती स्पष्ट सांगते.

झालेले पॉलियुरेथेन काढणे फार अवघड आहे. ते एकदा पक्के झाले की विरघळत नाही, फार तर फुगते. खांबांवरून ते स्काल्पेलने (शस्त्रक्रियेच्या सुरीने) इंच इंच सोलता येते, कारण खाली रंग आतपर्यंत आहे आणि पृष्ठभाग पुन्हा घोटता येतो. पटलांवर तो उपाय नाही. जे द्रावक पॉलियुरेथेन फुगवते ते जुन्या ग्लेझलाही उचलते. म्हणून पटलांच्या ज्या भागाला अजून पॉलिश पेपर लागलेला नाही, तो आधी शोधून त्यावर कसलेही काम बंद करणे, हेच तिथे सध्या करण्याजोगे आहे.