सांदण दरी - करोली घाट, कोल्हापूरहून ग्रुपसोबत : दोर सांभाळण्याला पैकीच्या पैकी मार्क, गर्दीला नाही

जानेवारीत मी आणि माझी धाकटी जाऊबाई, दोघी सांदण दरी करून आलो, इथल्याच एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर. ग्रुपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एका बॅचवरून कुणाच्या पोटावर पाय नको. पण माणशी ३८०० रुपये भरताना आम्ही जे विचारलं नाही ते तुम्ही विचारा म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. साम्रद गावात गाडी लावायची, दरीत थोडं आत जाऊन फोटो काढायचे आणि परत यायचं, असं बरेच जण करतात आणि सांदण केली म्हणतात. आम्ही केला तो पूर्ण लूप, म्हणजे दरीतनं दोराने खाली उतरत जायचं, रात्री तळाला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी करोली घाटानं चढून परत साम्रदला. वरचं गाव साम्रद अकोले तालुक्यात, आधीच्या नगर जिल्ह्यात, आणि तुम्ही उतरता ते ठाणे जिल्ह्याच्या बाजूला, डेहणे गावाकडे. करोली घाट ही या दोन बाजू जोडणारी जुनी वाट.

शुक्रवारी रात्री आठला कोल्हापूरच्या सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळून निघालो. कोल्हापूरहून हे चारशे किलोमीटरच्या वरचं अंतर आहे, पुणे, संगमनेर, अकोले, राजूर करत सकाळी साम्रद. झोप काय बसमधे होईल तेवढीच, हे धरूनच जा. गावातल्या एका घरी पोहे आणि चहा, समोर रतनगड, लांबवर अलंग-मदन-कुलंग हे तीन गड, हवा इतकी गार की कपाच्या कडेवर बोटं शेकत बसलो होतो.

दरीत शिरल्या शिरल्या दोन्ही बाजूचा कातळ अंगावर येतो, वर आभाळाची एक पट्टी राहते फक्त. पाण्याचे दोन डोह लागतात, पहिला गुडघ्याएवढा आणि दुसऱ्यात आम्ही कमरेपर्यंत. जानेवारीतलं ते पाणी, ऊन तिथं पोचतच नाही, जाऊबाईच्या तोंडून आवाज फुटेना. त्यानंतर जे सुरू होतं ते खरं काम. वाट अशी नाहीच. घराएवढे धोंडे एकावर एक पडलेत, कुठं वरनं चढून जायचं, कुठं खालच्या भोकातनं सरपटत, कुठं बसून घसरायचं. मी पन्हाळा-पावनखिंड दोनदा केलाय, जोतिबाला चालत जातो आम्ही दरवर्षी, पण ते चालणं आहे. इथं दुसऱ्या दिवशी पायापेक्षा हात आणि खांदे जास्त दुखले.

एका ठिकाणी धोंड्यांमुळे पुढं जाताच येईना, तेव्हा सोबत साम्रदचे एक मामा होते त्यांनी डावीकडनं झाडीत चढवलं, उभी चढण, पायाखाली सगळा घसारा. आम्ही दिसेल ते कारवीचं झुडूप धरायला लागलो तर मामा म्हणाले, "वाळकी धरू नका बाई, हातात येईल. वाकवून बघा, वाकली तर धरा." पुढचे दोन दिवस मी प्रत्येक काठी वाकवून बघितली. ग्रुपवाल्यांनी गावातला माणूस सोबत घेतला हे फार बरं केलं, रात्रीचं जेवणही गावातल्या माणसांनीच केलं, म्हणजे आपल्या पैशातलं थोडं तरी तिथं राहिलं.

आता रॅपलिंग, म्हणजे दोरानं कडा उतरणं. पहिला पॅच साधारण ४५ फुटांचा, पुढचे दोन त्याहून लहान. इथं मी ग्रुपला मनापासून पैकीच्या पैकी देते. लीडर पोरगा पंचविशीचा असेल, पण घाई नाही की आरडाओरडा नाही. हार्नेसचा पट्टा त्यानं स्वतः ओढून बघितला आणि मग माझं बोट धरून कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं, लॉक दाबून बघायला लावलं, "वैनी, मी लावलंय म्हणून विश्वास ठेवू नका, तुम्ही बघा." मुख्य दोराशिवाय दुसरा बिलेचा, म्हणजे पडलं तर सावरणारा, दोर प्रत्येकाला लावलेला, वरती एक माणूस फक्त तेवढंच सांभाळत होता.

जाऊबाई कडेला जाऊन थिजली. पाय मागं घेईना, मला म्हणते "ताई, मला नाही जमणार, मी इथनंच परत जाते." मी काहीतरी धीर द्यायला लागले तर लीडरनं मला हातानंच थांबवलं आणि तिला म्हणाला, खाली बघा, मी बघू नका म्हणत नाही, पाय कुठं टेकवायचाय तो दगड बघा आणि मला सांगा. तिनं बघितलं, म्हणाली तो पांढऱ्या डागाचा. मग तेवढ्या डागापर्यंतच जायचं म्हणाला. डागापासनं पुढचा दगड, असं करत ती खाली गेली, पूर्ण दहा मिनिटं लागली आणि कुणीही तिला एका शब्दानं घाई केली नाही. माझे ३८०० तिथंच वसूल झाले खरं तर.

पण याच ठिकाणी माझी तक्रार पण आहे. आम्ही २८ जण होतो आणि दोर एकच. एकेकाला सरासरी पाच-सहा मिनिटं धरा आणि तुम्हीच हिशोब करा. पहिल्या पॅचला अडीच तास नुसतं बसून काढले, ओल्या कपड्यात, सावलीत, उतरून गेलेले खाली वेगळे ताटकळलेले. त्यामुळं शेवटचा पॅच अंधारात, हेडटॉर्च लावून. बॅचमधे दोघा-तिघांकडं टॉर्चच नव्हता, मोबाईल तोंडात धरून ते धोंडे उतरत होते, हे मला अजिबात पटलं नाही. लीडर कितीही चांगला असला तरी दमलेल्या २८ माणसांना अंधारात ग्रुपचे तीन जण कुठवर पुरे पडणार? नोंदणी करतानाच पंधरावर थांबायला पाहिजे होतं. दुसरं म्हणजे हेल्मेट. माझ्या हेल्मेटचं बक्कल तुटलेलं, सांगितल्यावर लीडरनं स्वतःचं काढून मला दिलं आणि माझं दोरीनं बांधून त्यानं घातलं. त्याचं कौतुक आहेच, पण ही गोष्ट कोल्हापुरात बॅग भरताना बघायची असते.

रात्रीचं पिठलं-भाकरी आणि ठेचा, त्याबद्दल बोलायला नको इतकं भारी. तंबू ठीक, मॅट पातळ.

रविवारी उजाडताच निघालो ते बरं झालं. करोली घाट सुरुवातीला परत धोंड्यांच्या नाळेतनं, म्हणजे अरुंद घळीतनं, जातो, मग झाडी, मग कातळात एक आडवा टप्पा, तिथं दोर लावला होता. दरी उतरताना भीती वाटते आणि हा घाट चढताना जीव जातो, सूर्य वर आला की कातळ तापतो आणि वाटेत पाणी मिळेल या भरवशावर राहू नका, माणशी तीन लिटर भरून घ्या. आम्हाला चार तास लागले. वरनं मागं वळून बघितलं तर आपण कुठनं आलो ते दिसतच नाही, नुसती कातळातली एक भेग. जाऊबाई तिथं बराच वेळ बसून राहिली.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कुणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका, वर कुठं सर आली तरी पाणी याच भेगेतनं खाली येणार आणि बाजूला चढून जायला जागा नाही. बूट घासलेल्या तळाचे नकोत, कोरड्या कातळावर कुठलाही बूट धरतो पण डोहातनं बाहेर आल्यावर त्याच दगडावर तेल ओतल्यासारखं होतं. आणि पैसे भरायच्या आधी तीनच प्रश्न विचारा, बॅचमधे किती माणसं, दोर किती, लीडर किती.

परत आल्यावर मी लीडरला फोन करून हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं, पुढच्या सीझनपासून १५ च्या वर घेणार नाही म्हणाला. तेवढं केलं तर पहिली दोन नावं आमची, जाऊबाईनं तर तिच्या बहिणीचं पण सांगून ठेवलंय.