लक्ष्मीविलास राजवाडा, त्याच्या शिल्पकारांच्या वाटेने

बडोद्यात राहणाऱ्यांना लक्ष्मीविलास राजवाड्याची आठवण सहसा पाहुणे आले की होते. मीही कोल्हापूरहून आलेल्या मावशीसाठीच गेल्या रविवारी एका छोट्या अभ्यासगटाच्या मराठी फेरीत दोघींची नावे नोंदवली. राजवाड्याच्या श्रीमंतीचे आकडे सांगत बसण्याऐवजी ही फेरी तो घडवणाऱ्या माणसांच्या कामातून त्याची ओळख करून देते आणि म्हणूनच ती मला मनापासून आवडली.

सुरुवात झाली राजवाड्याचे पहिले वास्तुकार मेजर चार्ल्स मँट यांच्यापासून. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि अजमेरचे मेयो कॉलेज यांचे आराखडे त्यांचेच, हे ऐकताच मावशी मनोऱ्याकडे बघून म्हणाली, "अगं, हा तर आमच्या राजवाड्याचा थोरला भाऊ!" मार्गदर्शकांनी तो धागा लगेच पकडला. तिथला काळा दगड, इथला पिवळसर. पण छत्र्या, घुमट, कमानी आणि जाळ्या या जुन्या भारतीय घटकांना युरोपीय आखणीत बसवण्याची इंडो-सारसेनिक रीत मात्र एकच, हे त्यांनी आम्हाला समोरच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवले.

१८८१ मध्ये मँट वारले, तेव्हा बडोद्याचे काम अपुरे होते. ते पुढे नेणारे रॉबर्ट फेलोज चिझम मद्रासमधून आले होते; तिथल्या विद्यापीठाचे सिनेट हाउस त्यांचेच. १८९० मध्ये राजवाडा पूर्ण झाला. दरबार हॉलच्या मोझेक फरशीवर रंगीत काचांमधून पडलेला उजेड कितीतरी वेळ बघत राहावेसे वाटत होते आणि मार्गदर्शकांनीही आम्हाला तिथून हलण्याची घाई केली नाही. चिझम यांचे आणखी एक काम बघायला फेरी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला विद्याशाखेकडे जाते. विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेल्या त्या घुमटाखालून मी कॉलेजची तीन वर्षे ये-जा केली, पण वर मान करून तो नीट पाहिला तो याच दिवशी.

माझी तक्रार एकच, पण ती मोठी आहे. विल्यम गोल्डरिंग यांच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे येतात, तीही डोक्यावर ऊन आल्यावर. लंडनच्या क्यू उद्यानात घडलेल्या आणि इंग्लंडमधल्या मोठ्या ग्रामीण घरांभोवतीच्या बागा आखणाऱ्या या माणसाने राजवाड्याचे आवार आखले. समोर मोकळी हिरवळ, कडेला झाडांचे पुंजके आणि इमारत लांबूनच सगळी नजरेत यावी अशी अंतराची जाण ही त्याच इंग्रजी बागांच्या घराण्यातली आखणी आहे. ती नीट कळण्यासाठी सकाळच्या उन्हात आवारातून पायी चालायला हवे आणि इमारतीकडे त्यानंतर वळायला हवे. आयोजकांना मी हा क्रम बदलण्याची विनंती केली आहे. त्यांनी तो बदलला, तर मी वडिलांना घेऊन पुन्हा जाणार आहे.