लंडन ११०७ की वर्म्स ११२२: बिशप नेमण्याच्या वादातले दोन तह

वाद एकच होता: नव्या बिशपला (ख्रिस्ती चर्चच्या प्रांतिक धर्मप्रमुखाला) पदाची खूण म्हणून अंगठी आणि धर्मदंड कोणी द्यायचा? राजाने दिला, तर आध्यात्मिक अधिकारही त्यानेच दिल्यासारखा होतो. पण बिशपकडे जमिनी, महसूल आणि सैनिकही असत, म्हणून राजा हात काढून घ्यायला तयार नव्हता.

इंग्लंडमध्ये राजा पहिला हेन्री आणि कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी ११०७ मध्ये वाद मिटवला. राजाने अंगठी-दंड सोडला. बदल्यात बिशपने अभिषेकापूर्वी (म्हणजे बिशपपदाच्या धार्मिक विधीपूर्वी) जमिनींसाठी राजनिष्ठेची शपथ घ्यायची. निवड राजाच्या दरबारातच होत राहिली, म्हणजे खरी सत्ता जागेवरच! ११०९ मध्ये अँसेल्म वारले, तेव्हा कँटरबरीची गादी १११४ पर्यंत रिकामी राहिली आणि तिचे उत्पन्न राजाकडे गेले.

वर्म्सचा तह जर्मनीचा सम्राट पाचवा हेन्री आणि पोप दुसरे कॅलिक्स्टस यांचा. इथे भूगोल निर्णायक ठरला. जर्मनीत निवड सम्राटासमोर, आणि जमिनींचे हक्क तो अभिषेकाआधी राजदंडाने देणार. इटली आणि बर्गंडीत मात्र आधी अभिषेक, राजदंड त्यानंतर सहा महिन्यांत. अभिषेक झालेल्या बिशपला अडवायचे कसे? तिथे सम्राटाचा नकाराधिकार जवळजवळ संपला. शिवाय पोपची सनद हेन्रीच्या नावे होती. ११२५ मध्ये तो वारल्यावर ती सवलत व्यक्तिगत होती, असे चर्चच्या बाजूने म्हणता आले.

राजाच्या नजरेतून पाहिले तर लंडनचा सौदा निःसंशय सरस.