सराईवाली: तयार ‘कॉमनर’ की पूर्ण कॅरेक्टर शीट?
डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत तुम्ही खेळ चालवताय आणि सराईवालीचं पात्र हवंय, तर वेळ वाचवायला ‘कॉमनर’ला, म्हणजे नियमपुस्तकातल्या तयार सामान्य माणसाला, तोड नाही. सगळे गुण 10, आर्मर क्लास (तिला घाव लागणं किती अवघड) 10, हिट पॉइंट (ती किती मार सोसेल) 4, सगळं तयार. त्यावर तीनच ओळी लिहा: तिला काय हवंय, ती काय लपवतेय, बोलताना हात काय करतात. एकच पेला ओल्या फडक्याने पुसत राहणारी सराईवाली खेळाडू विसरत नाहीत. शीटवरचे आकडे त्यांना दिसतही नाहीत.

टिकाव मात्र कमी. गोब्लिन या छोट्या राक्षसाच्या तलवारीचा घाव सरासरी 5, म्हणजे एका फटक्यात आडवी. त्याऐवजी पूर्ण कॅरेक्टर शीट, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांसारखा सविस्तर तक्ता, भरून तिला पहिल्या पातळीची फायटर (लढवय्यी) केलं, तर कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) 10 असलं तरी 10 हिट पॉइंट मिळतात. पण शीट भरण्यात वेळ जातो, लढाईत तिची पाळीही तुम्हीच खेळता.

सराईतच राहणार असेल तर कॉमनर. खेळाडूंच्या टोळीबरोबर मोहिमेवर निघणार असेल तरच शीट.