हॉस्पिटलमधल्या जंतुसंसर्गाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर : बरेच महिने वापरल्यानंतर

मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. आमचं सर्व्हेलन्स, म्हणजे हॉस्पिटलमध्ये होणाऱ्या संसर्गांवर नजर ठेवून ते मोजणं, आधी रजिस्टर आणि एक्सेलवर चालायचं, आता ते सॉफ्टवेअरवर आलंय. पहिल्या आठवड्यातलं कौतुक आणि पहिल्या महिन्यातला वैताग, दोन्ही ओसरलेत, म्हणून आता लिहिते. नाव देत नाही, कारण जे सांगायचंय ते अशा कुठल्याही सिस्टिमला लागू पडेल.

माझं मत विचाराल तर घ्यावं. फक्त ते संसर्ग शोधून देईल या भरवशावर घेऊ नये. ते संशयित केस समोर ठेवतं. ती खरी की नाही हे फाइल वाचून आणि पेशंटच्या बेडपाशी जाऊनच ठरतं.

सगळ्यात मोठा फायदा सकाळचा. पूर्वी लॅबमध्ये जाऊन पॉझिटिव्ह कल्चर (ज्या नमुन्यांत जंतू वाढले ते रिपोर्ट) उतरवून घ्यायची, मग वॉर्डावॉर्डात फायली शोधायच्या, आणि पेशंट कधी ॲडमिट झाला, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत टाकलेली नळी) कधी टाकली, लघवीचा कॅथेटर कधीचा आहे हे जुळवत बसायचं. यातच दुपार व्हायची. आता लॅबचा रिपोर्ट, ॲडमिशनची तारीख आणि डिव्हाइसची नोंद एकाच ओळीत दिसते. ॲडमिशनचा दिवस पहिला धरून तिसऱ्या दिवसापासून पुढे झालेला संसर्ग आपल्या खात्यात, त्याआधीचा पेशंट बरोबर घेऊन आलेला, ही चाळणी ते स्वतः लावतं. पेशंट आयसीयूतून वॉर्डात गेला आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संसर्ग ठरला, तर तो आयसीयूच्याच नावावर जातो. हेही ते बरोबर करतं. या एका गोष्टीवरून दोन इन्चार्ज सिस्टरांमध्ये होणारी वादावादी जवळपास थांबली.

अलर्ट मात्र डोळे झाकून मोजू नका. एका पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस आला, लाइन टाकून बरेच दिवस झाले होते, तापही होता. स्क्रीनवर लाल पट्टी आली, ‘क्लॅब्सी संशयित’, म्हणजे सेंट्रल लाइनमुळे रक्तात झालेला संसर्ग असल्याचा संशय. हा जंतू कातडीवर असतोच, त्यामुळे तो वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन नमुन्यांत मिळाल्याशिवाय सर्व्हेलन्सच्या व्याख्येत बसत नाही. दुसरा नमुना निगेटिव्ह होता, केस मोजली नाही. पण बेडपाशी गेले तर लाइनच्या ड्रेसिंगची एक कड सुटलेली आणि आतून ओलसर. सिस्टरने लगेच ड्रेसिंग बदललं, लाइनची अजून गरज आहे का ते डॉक्टरांना विचारलं, आणि संध्याकाळी लाइन निघाली. रिपोर्टमध्ये या केसचा आकडा शून्य आहे. माझ्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच होतं.

लघवीच्या कल्चरचा त्रास वेगळा. व्याख्येप्रमाणे कॅथेटर दोन दिवसांपेक्षा जास्त असावा लागतो, मिलिलिटरला किमान १,००,००० कॉलनी लागतात, नमुन्यात दोनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू चालत नाहीत, आणि शिवाय ताप किंवा ओटीपोटात दुखणं असं लक्षणही लागतं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं एनएचएसएन हे संसर्ग नोंदवण्याचं जाळं आहे. त्याच्या लघवीच्या संसर्गाच्या व्याख्येतून कॅन्डिडा ही बुरशी २०१५ मध्येच वगळली गेली. आमच्या सिस्टिममध्ये मात्र जुनाच नियम भरलेला होता आणि कॅन्डिडा आली की ‘कॉटी’चा (कॅथेटरमुळे होणाऱ्या लघवीच्या संसर्गाचा) अलर्ट वाजायचा. कंपनीला कळवल्यावर दुरुस्ती झाली, पण तोवर वॉर्डातल्या लोकांचा अलर्टवरचा विश्वास उडाला होता आणि तो परत यायला फार वेळ लागला. घेण्याआधी विचारा : व्याख्या कुठल्या वर्षाच्या आहेत, आणि त्या बदलल्या की अपडेट कोण करणार?

आता छेदाबद्दल, म्हणजे दर काढताना संसर्गाच्या संख्येला ज्या आकड्याने भागतो त्याबद्दल. याबद्दल माहितीपत्रकात ओळभरही नसतं, आणि खरी मेख इथेच आहे.

संसर्गाचा दर दर १,००० डिव्हाइस-दिवसांमागे काढतात. म्हणजे रोज ठरलेल्या एकाच वेळी किती पेशंटना सेंट्रल लाइन आहे ते मोजायचं आणि महिनाभराची बेरीज करायची. एकाच पेशंटला दोन लाइन असल्या तरी दिवस एकच धरायचा. आमचं सॉफ्टवेअर हे नर्सिंग चार्टवरून आपोआप मोजतं. लाइन टाकल्याची नोंद प्रत्येक सिस्टर करते, कारण प्रोसीजरचा फॉर्म भरावाच लागतो. काढल्याची नोंद गडबडीत राहून जाते. मग पेशंटची लाइन निघालेली असते आणि कॉम्प्युटरवर ती डिस्चार्जपर्यंत चालू असते. ४ संसर्ग आणि १,००० लाइन-दिवस असतील तर दर ४ येतो. तेच दिवस फुगून १,२५० झाले तर दर ३.२. संसर्ग तेवढेच, पेशंट तेच, आणि मीटिंगमध्ये सुधारणा झाली म्हणून टाळ्या. म्हणून आम्ही आठवड्यातून एक दिवस हाताने मोजणी करतो आणि कॉम्प्युटरच्या आकड्याशी ताडून बघतो. सुरुवातीला तफावत बरीच होती. लाइन काढल्याची नोंद इन्चार्ज सिस्टरच्या ड्युटी बदलतानाच्या यादीत आणल्यावर ती आटोक्यात आली.

छेदाचा उलटा खेळही बघितला. नको असलेले कॅथेटर रोज विचारून काढायला लागलो. समजा आधी १,००० कॅथेटर-दिवसांत ४ संसर्ग होत होते आणि आता ६०० दिवसांत ३ होतात. पेशंटच्या दृष्टीने हे निर्विवाद चांगलं, पण दर ४ वरून ५ वर जातो, कारण कॅथेटर ज्यांचे राहिले ते सगळ्यात गंभीर पेशंट असतात. सॉफ्टवेअरने आलेख लाल केला आणि वरून विचारणा आली. तेव्हापासून मी दराच्या शेजारी दोन गोष्टी छापतेच : संसर्गाची नुसती संख्या, आणि एकूण पेशंट-दिवसांपैकी किती दिवस कॅथेटर होता त्याचं प्रमाण. तिन्ही आकडे एकत्र असले की गैरसमज होत नाही.

लहान युनिटला महिन्याचा दर दाखवणं तर अन्यायच आहे. ९० लाइन-दिवसांत एक संसर्ग झाला की दर ११ च्या पुढे जातो, पुढच्या महिन्यात शून्य. तिथे तिमाही आकडा किंवा ‘शेवटच्या संसर्गानंतर किती दिवस झाले’ हे लावावं. आमच्या सिस्टिममध्ये ही सोय आहे, फक्त ती सेटिंगमध्ये खोलवर दडलेली आहे.

व्हेंटिलेटरच्या बाबतीत समाधानी आहे. एक्स-रेवरून न्यूमोनिया ठरवताना दोन डॉक्टरांची दोन मतं होतात. एनएचएसएनने २०१३ पासून प्रौढ पेशंटसाठी व्हेंटिलेटरच्या आकड्यांवर आधारलेली पद्धत आणली : दोन दिवस स्थिर राहिल्यानंतर पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात राखतं तो दाब) पाण्याच्या ३ सेंटिमीटरने किंवा एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) २० टक्के-बिंदूंनी वाढलं आणि दोन दिवस तसंच राहिलं, तर नोंद करायची. हे काम मशीनचंच आहे आणि मशीन ते माणसापेक्षा नीट करतं.

ऑपरेशनच्या जखमांच्या संसर्गात मात्र ते पार कमी पडतं. लक्ष ठेवायचं असतं ३० दिवस, काही ऑपरेशनना ९०. पेशंट तर काही दिवसांतच घरी जातो. जखम चिघळली तर तो जवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि आपल्या लॅबमध्ये त्याचा नमुनाच येत नाही. नमुना नाही म्हणजे अलर्ट नाही. इथे फोन करणं, फॉलोअपला आल्यावर जखम बघणं आणि सर्जनकडून फॉर्म भरून घेणं याला पर्याय मिळाला नाही. जखमांचा दर अचानक छान दिसायला लागला, तर आधी किती पेशंटशी संपर्क झाला ते विचारा.

पहिल्या काही महिन्यांत आमचे सगळेच आकडे वाढले. यासाठी व्यवस्थापनाची तयारी आधीच करून ठेवा. पूर्वी सुट्टीच्या दिवशीची कल्चर निसटायची, ती आता सापडतात. ही वाढ शोधण्याची आहे. ती बघून कोणी वॉर्डाला दटावलं, तर पुढच्या महिन्यात कल्चर पाठवणंच कमी होईल, आणि कल्चर न पाठवलेला पेशंट कागदावर निरोगीच दिसतो.

रिपोर्टचा भाग देखणा आहे, रंगीत पीडीएफ महिन्याच्या पहिल्या तारखेला समितीला जाते. मला महत्त्वाचं वाटतं ते वॉर्डात जाणारं एक पान. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधल्या संसर्ग नियंत्रणाचा किती उपयोग होतो हे तपासणाऱ्या सेनिक अभ्यासाचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले. नीट सर्व्हेलन्स, जोरकस नियंत्रण, दर २५० खाटांमागे एक इन्फेक्शन कंट्रोल नर्स, प्रशिक्षित डॉक्टर आणि सर्जनला त्याचे आकडे कळवण्याची पद्धत, हे सगळं जिथे होतं तिथे संसर्ग सुमारे ३२ टक्के कमी झाले. जिथे काहीच नव्हतं तिथे ते वाढले. त्या यादीत नर्सचं पद आहे, हे सॉफ्टवेअर आल्यावर ‘आता माणूस कशाला’ म्हणणाऱ्यांना मी प्रत्येक वेळी सांगते. माझा वाचलेला वेळ वॉर्डात गेला, हात धुण्याच्या निरीक्षणात आणि लाइन टाकताना शेजारी उभं राहण्यात गेला, म्हणूनच या खर्चाला अर्थ आहे.

किरकोळ तक्रारी : लॅबमध्ये जंतूचं नाव दोन पद्धतींनी टाइप झालं की सिस्टिम दोन वेगळे जंतू धरते. नाकारलेल्या अलर्टचं कारण लिहायला जागा अपुरी आहे. आणि रक्तातला जंतू लघवीतून किंवा जखमेतून आलाय का, हे जोडून बघायला तीन स्क्रीन उघडाव्या लागतात. खरं तर क्लॅब्सी ठरवताना सगळ्यात आधी तेच बघायचं असतं. हे एका स्क्रीनवर आणा असं कंपनीला लेखी दिलंय. पुढच्या अपडेटमध्ये ते आलं, तर इथे खाली लिहीन.