थेंबाला साडेतीन हजार: गुडघ्यातला 'पू' काढणाऱ्यांची टोळी

गुडघेदुखीने बेजार झालेल्या वयस्कर माणसांना हेरून "गुडघ्यातला पू काढून देतो" म्हणणारे लोक बेळगावात फिरताहेत. माझ्या आईला त्यांनी एक लाख दहा हजाराला बुडवलं. मुंबई-बेंगळुरूहून अशा बातम्या याआधीही आल्या आहेत, पण आपल्या गल्लीत कोणी वाचलेल्या दिसल्या नाहीत. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

यात डॉक्टर शेवटी येतो. आधी येतो एक सभ्य माणूस. आई गणपत गल्लीतून भाजी घेऊन लंगडत निघाली होती. इस्त्रीचा शर्ट घातलेला, चाळिशीतला एकजण शेजारी येऊन थांबला. "मावशी, गुडघा काय ओ? आमच्या आईचं पण असंच होतं. खाली बसायला येत नव्हतं. यंदा सौंदत्तीचा डोंगर चढून आली की ओ." त्याने पैसे मागितले नाहीत, आईचा पत्ता किंवा नंबरही विचारला नाही. आईनेच खोदून विचारल्यावर आढेवेढे घेत एका कागदावर मोबाईल नंबर लिहून दिला. "ते कुणाकडं जात नाहीत, माझं नाव सांगा," एवढं म्हणून निघून गेला. ज्याला आपल्याकडून काहीच नको, त्याच्यावर संशय कोण घेणार?

आई वडगावची. उभी हयात मांडी घालून मागाच्या कांड्या भरण्यात गेली. दोन्ही गुडघे कामातून गेलेत. दवाखान्यात जायची तेव्हा "वयोमानाने झीज झालीय" एवढं सांगून गोळ्या मिळायच्या आणि पुढच्या पेशंटला हाक जायची. ऑपरेशनला लाखांनी खर्च येतो हे शेजारणींकडून ऐकून तिने धसका घेतला होता. हा 'डॉक्टर' मात्र घरी आला, तिचा पाय मांडीवर घेऊन बसला, जिना चढताना कळ कुठे येते, रात्री कूस बदलताना काय होतं, सगळं तासभर ऐकून घेतलं. माझ्या मते आमचे पैसे तिथेच गेले. पुढचं सगळं नाटक होतं.

घरी आई आणि आप्पा दोघंच होते, मी उद्यमबागला कामावर. त्याने गुडघा दाबून सांगितलं, आत विष साचून पू झालाय. थेंबाला साडेतीन हजार, पण बहुतेकांना दहा-बारा थेंबांतच मोकळं वाटतं. आप्पांनी मनात हिशेब केला, पस्तीस-चाळीस हजार. ऑपरेशनपेक्षा स्वस्तच! मग ब्लेडने कातडीवर बारीक चिरा मारल्या, पितळेची छोटी नळी टेकवली, दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढलं आणि पांढऱ्या कापडावर पिवळट थेंब टाकले. बरोबरचा पोरगा वहीत रेघा मारत होता. बारा झाले, वीस झाले. आप्पा थांबा म्हणाले तर उत्तर आलं, "अर्ध्यावर सोडलं तर विष वर चढतंय." बेचाळीसवर थांबले. एक लाख सत्तेचाळीस हजार.

मग दया आल्यासारखं करून आकडा एक लाख दहावर आणला. घरात पंचवीस हजार होते. उरलेल्यासाठी तो पोरगा आप्पांना स्वतःच्या गाडीवर बसवून सोसायटीत घेऊन गेला आणि पिग्मीचे पंच्याऐंशी हजार काढायला लावले. चेक नको, फोनवरून नको, रोखच पाहिजे. पावती मागितली तर म्हणे, आयुर्वेदात पावती नसते. आयुर्वेदाचे दवाखाने चालवणाऱ्या आपल्या वैद्यांनी हे ऐकायला हवं होतं.

संध्याकाळी मी घरी आलो तोवर नंबर बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. उभं राहून एक्स-रे काढला, कारण झोपून काढला तर सांध्यातली फट किती कमी झालीय ते नीट दिसत नाही. दुखणं ऑस्टिओआर्थ्रायटिसचंच होतं, कूर्चा झिजलेली. त्यात पू नसतो. निरोगी गुडघ्यात वंगणाचं पाणी असतं तेच मुळी चमचाभराहून कमी. सूज आली की ते वाढतं आणि कधीकधी डॉक्टर ते काढतातही, पण निर्जंतुक सुईने, थेट सांध्याच्या आत जाऊन, आणि काढलेलं पाणी गरजेप्रमाणे तपासणीला पाठवतात. कातडीवरच्या चिरेतून तोंडाने ओढून सांध्यातलं काही बाहेर येत नाही. येतं ते रक्त. पिवळं जे दिसलं, ते नळीत किंवा तोंडात आधीच ठेवलेलं असणार. गुडघ्यात खरोखर पू झाला तर सांधा लाल, गरम होतो, बहुधा ताप येतो, पाय टेकवत नाही, आणि त्याच दिवशी हॉस्पिटलात भरती व्हावं लागतं. असा माणूस गणपत गल्लीत भाजी घेत हिंडत नाही.

डॉक्टर पैशाबद्दल फारसं बोलले नाहीत. त्यांना काळजी ब्लेडची आणि नळीची होती, ती आधी किती जणांच्या रक्ताला लागली असेल कोण जाणे. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या लिहिल्या आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा करायला सांगितल्या, कारण नुकती लागण असेल तर लगेच दिसत नाही. तुमच्या घरी असं घडलं असेल तर लाज वाटते म्हणून दिवस घालवू नका. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती लागतील की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण पोचायला तर हवं.

आईला आता मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत, खाली बसणं बंद, कमोडची खुर्ची आणलीय. काठी ती दुखऱ्या पायाच्याच हातात धरायची, ती विरुद्ध हातात द्यायला लावली. ऑपरेशनची वेळ आलीच तर कृत्रिम सांध्याच्या किमतीला केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातलेली आहे. बिलात सांध्याची किंमत वेगळी मागून बघता येते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर 'ऑपरेशनपेक्षा स्वस्त' हे गणित आप्पांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं नसतं.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार दिली आहे. पैसे फोनवरून गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवून खातं गोठवायची आशा तरी असती. टोळी रोखच का मागते ते यातून कळावं. कर्नाटकात खाजगी दवाखान्याला २००७ च्या कायद्याने नोंदणी लागते, त्यामुळे एक अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडेही दिला. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे कुणाला असा कागदावरचा नंबर मिळाला असेल तर कागद फाडू नका. अक्षर आमच्याकडच्या कागदाशी ताडून बघता येईल.